कन्सोलच्या बाजारात नावाचं वजन

नव्वदच्या दशकात वसई-विरारमधल्या कित्येक घरांत टीव्हीला पिवळ्या कॅसेटींचा व्हिडिओ गेम जोडलेला असे. मुलं मारिओत रमली, पण मारिओ घडवणाऱ्या निन्टेन्डोचं नाव क्वचितच कानावर पडलं. खोक्यावर ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ लिहिलेलं. आत १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. खेळ घरोघरी पोचले, कंपनीची ओळख रुजली नाही. ती जागा पुढे सोनीच्या प्लेस्टेशनने घेतली. कन्सोल म्हणजे अशाच खेळांच्या यंत्रांच्या बाजाराबद्दल काही गैरसमज आहेत.

गैरसमज: अधिकृतपणे विकला जात नाही, म्हणजे माल नकली.
निन्टेन्डोने २०१७ चा स्विच हा कन्सोल भारतात अधिकृतपणे आणला नाही. तरी विरार लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळणारा स्विच अस्सल असू शकतो. नसते ती कंपनीची इथली वॉरंटी. दुकानदाराची हमी बिलावर लिहून घ्यावी.

गैरसमज: ज्याचं यंत्र ताकदवान, त्याचा बाजार.
मायक्रोसॉफ्टचा २००१ चा एक्सबॉक्स प्लेस्टेशन २ पेक्षा ताकदवान होता. तरी प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींहून अधिक खपला, एक्सबॉक्स अडीच कोटींच्या आतच राहिला. सोनी वर्षभर आधी आली होती, यंत्रावर डीव्हीडी चालत होती आणि पहिल्या प्लेस्टेशनची पुण्याई पाठीशी होती.

गैरसमज: एकदा नाव झालं की पुढचं यंत्र आपोआप खपतं.
निन्टेन्डोचा वी हा कन्सोल दहा कोटींवर गेला, त्यानंतरचा वी यू दीड कोटीही नाही. वी यू हे नवं यंत्र आहे की जुन्याला जोडायचं उपकरण, हेच अनेकांना कळलं नाही.

गैरसमज: चूक सुधारली की लोक विसरतात.
मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्याच्या अटी अशा: चोवीस तासांतून एकदा इंटरनेटची जोडणी हवी, वापरलेल्या डिस्कच्या विक्रीवर बंधनं. एक डिस्क खेळून झाली की ती विकून पुढची घेणाऱ्या घरांना हे कसं परवडावं? सोनीने डिस्क खुशाल मित्राला द्या असं सांगितलं आणि किंमतही शंभर डॉलरने कमी ठेवली. मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच अटी मागे घेतल्या, यंत्र बाजारात आलं ते त्या अटींविना. पण ‘ही कंपनी आपल्या बाजूची नाही’ हे मत तोवर पक्कं झालं होतं. ती पिढी प्लेस्टेशन ४ ने सहज जिंकली.

गैरसमज: महाग यंत्र म्हणजे कंपनीला मोठा नफा.
कन्सोल अनेकदा तोट्यात विकला जातो; एक्सबॉक्सच्या विक्रीवर कधीच नफा झाला नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात सांगितलं. कमाई खेळांवर होते, म्हणून गिऱ्हाईक बांधून ठेवणं गरजेचं.

भारतात एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन ५ दोन्ही ४९,९९० रुपयांना आले. अशा वेळी मुलाच्या मित्रांकडे कोणतं यंत्र आहे ते आधी विचारा. कित्येक खेळ आजही एकाच प्रकारच्या यंत्रांवरच मिळून खेळता येतात.