बशी आधी पालथी करा

जुन्या वस्तूंची पारख : भाग ६

मागच्या भागात आपण बरणी आणि कपबशी यांतला फरक पाहिला. लोणच्याची बरणी स्टोनवेअरची असते, जाड आणि अपारदर्शक. अस्सल पोर्सिलेनची पातळ बशी उजेडासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली पुढून दिसते. या वेळी जुन्या पोर्सिलेनचे वय कसे ओळखायचे ते पाहू. त्यासाठी मी मुद्दाम फरीदाबाद निवडले आहे. तिथल्या मराठी कुटुंबांना दिल्लीचा जुन्या सामानाचा बाजार जवळ पडतो. शिवाय फरीदाबादवरून जाणाऱ्या दिल्ली-आग्रा रस्त्याला पोर्सिलेनच्या वेडाचा मोठा इतिहास आहे.

जहांगीरचा खजिनदार शेख फरीद याने 1607 मध्ये दिल्ली-आग्रा मार्गावर हे गाव वसवले. त्यानंतर दोनच वर्षांनी विल्यम हॉकिन्स हा इंग्रज आग्र्याला जहांगीरच्या दरबारी पोहोचला. त्याने लिहून ठेवलेली एक हकिकत संग्राहकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बादशहाची आवडती चिनी बशी प्रवासात उंट पडल्यामुळे फुटली. ती ज्याच्या ताब्यात होती त्या अधिकाऱ्याने ही गोष्ट लपवली आणि तशीच दुसरी बशी आणायला गुपचूप चीनकडे माणूस धाडला. पुढे बादशहाने ती बशी मागितली आणि बिंग फुटले. त्या अधिकाऱ्याला फटके बसले, आणि तशी बशी मिळाल्याशिवाय परतायचे नाही या हुकमावर त्याला स्वतःलाच चीनकडे रवाना करण्यात आले.

दिल्लीत ही हौस जहांगीरच्याही आधीची. फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात विसाव्या शतकात चौदाव्या शतकातल्या चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा मोठा साठा सापडला. काही तुकड्यांवर शाही मुदपाकखान्याची नोंद कोरलेली आहे. चीनबाहेर इतक्या जुन्या निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनचा असा साठा क्वचितच मिळतो. म्हणजे दिल्लीच्या जुन्या बाजारात चिनी बशी दिसणे अशक्य नाही. पण शक्य असणे वेगळे आणि समोरची बशी खरी असणे वेगळे.

फरीदाबादला 1987 पासून फेब्रुवारीत सूरजकुंडचा हस्तकला मेळा भरतो. तिथे जयपूरची निळी भांडी मिळतात, ती नवी म्हणूनच, आणि ती जरूर घ्यावीत. घोटाळा पुढे होतो. अशीच एखादी फरशी किंवा सुरई चार हात फिरते, तिच्यावर मळ चढतो आणि ती मुघलकालीन म्हणून समोर येते. जयपूरच्या या भांड्यांत नेहमीची कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची पूड, काचेचा चुरा, मुलतानी माती आणि डिंक यांचा तो लगदा असतो, आणि तो पोर्सिलेनपेक्षा बऱ्याच कमी आचेवर भाजतात. पोर्सिलेनला केओलिन ही पांढरी माती आणि साधारण 1300 अंशांची आच लागते. तळाच्या झिलई नसलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. जयपुरी भांडे तो शोषून घेते. पोर्सिलेनवर तो तसाच राहतो.

आता बशी पालथी करा. विक्रेता सर्वांत आधी तळावरची चिनी अक्षरे दाखवतो, आणि नवा संग्राहक तिथेच फसतो. ती अक्षरे सम्राटाचे नाव सांगतात, बशीचे वय नव्हे. कांगशी सम्राटाने 1662 ते 1722 राज्य केले. त्याच्या काळातले कारागीर आपल्या कामावर पंधराव्या शतकातल्या चंगहुआ सम्राटाची खूण घालत, बरेचदा जुन्या कलेच्या आदरापोटी. मग एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी कांगशीचे नाव सर्रास वापरले. रोमन अक्षरे मात्र चिनी अक्षरांपेक्षा कितीतरी उपयोगी. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे 1891 पासून मालावर देशाचे नाव छापावे लागू लागले. म्हणून ‘चायना’ लिहिलेली बशी साधारणपणे त्यानंतरची, आणि ‘मेड इन चायना’ बहुधा त्याहून बरीच अलीकडची. जपानी मालावर 1921 पर्यंत ‘निप्पॉन’ आणि पुढे ‘जपान’.

यापुढचे काम बोटांचे आहे. बशी ज्या गोल कडेवर टेकते, त्या कडेवरून बोट फिरवा आणि मग भिंगातून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या फळीवर सरकत राहिलेल्या बशीच्या कडेवरचे चरे वेडेवाकडे, कमीजास्त खोल असतात आणि उंचवट्यावर दाट होतात. सँडपेपरने घासलेली कड एकाच दिशेने, शेतात नांगर फिरवावा तशी दिसते. जुनाट दिसावे म्हणून चढवलेला तांबूस रंग सगळीकडे सारखा असतो. खरा मळ खाचेत बसतो, उंचवट्यावर नाही. चित्र बारीक ठिपक्यांचे असेल तर ते छापील आहे. कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंग कुठे साचतो, कुठे विरळ होतो.

दुरुस्तीला घाबरू नका. तडा गेलेली किमती बशी पूर्वी फेकून देत नसत. मागून बारीक भोके पाडून धातूच्या पिना बसवत. अशी पिनांची बशी मला बिनतड्याच्या संशयास्पद बशीपेक्षा कधीही जास्त मोलाची वाटते, कारण कोणीतरी तिला जपण्यासाठी पैसे मोजले होते. हल्लीची रंग आणि रेझिन भरून झाकलेली दुरुस्ती मात्र सांगितली गेलीच पाहिजे. अतिनील टॉर्चखाली ती बहुधा वेगळी चमकते. नखाने टिचकी मारली तर धड बशी खणखणते, तडकलेली बद्द वाजते.

नजर मात्र संग्रहालयातच तयार होते. मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी-जपानी भांडी निवांत पाहा. बाजारात जाण्याआधी पाहिलीत तर अधिक बरे.

शेवटी कायद्याचे. 1972 च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेषांत मोडतात. अशा वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी असलेल्या मुलाला आजीची बशी पाठवण्याआधीही हे लक्षात असू द्या. दुकानदार बशी दोनशे वर्षांची सांगत असेल, तर बिलावर तसे लिहून मागा आणि त्याचा परवाना पाहा. दोन्हींपैकी एकही मिळत नसेल, तर बशी नवी धरूनच तिचा भाव करा.