अपघातातील लपलेल्या जखमा

रस्त्यावर एखादा मनुष्य मोटारसायकलवरून दूर फेकला जातो. त्याच्या हाताचे हाड मोडलेले असते. तो शुद्धीवर असतो, बोलतो, "हात फार दुखतो" असे सांगतो. सगळ्यांचे लक्ष त्या हाताकडे लागते. पण त्याच वेळी पोटात डाव्या बाजूची पानथरी, जिला उर्दूत तिल्ली म्हणतात, ती फाटलेली असेल तर? बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही आणि आत रक्त साचत जाते. अशा रुग्णाचा जीव जातो तो मोडक्या हातामुळे नव्हे, तर न दिसलेल्या जखमेमुळे.

मग आतले पाहायचे कसे? १८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे मोडलेले हाड दिसू लागले. परंतु एक्स-रेचे चित्र ही एक सावली असते. पुढचे आणि मागचे अवयव तिच्यात एकमेकांवर पडतात आणि मऊ अवयव नीट ओळखू येत नाहीत.

ही अडचण इंग्लंडमधील इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी दूर केली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांच्या यंत्रात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते. निरनिराळ्या बाजूंनी किती किरण आरपार गेले याचा हिशेब संगणक करतो आणि शरीराच्या आडव्या कापांची चित्रे तयार करतो. पावाचे काप एकेक करून पाहावेत तसेच हे. फक्त येथे सुरी लागत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका स्त्रीच्या मेंदूचे असे पहिले चित्र घेण्यात आले. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा एका कापासाठी कित्येक मिनिटे लागत. आता डोक्यापासून ओटीपोटापर्यंतचे सारे चित्रण एका मिनिटाच्या आत होऊ शकते. यालाच संपूर्ण शरीराचे सी.टी. स्कॅन म्हणतात. (नाव 'संपूर्ण' असले तरी हातपाय सहसा त्यात नसतात!) शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडले की रक्तवाहिन्या उजळ दिसतात आणि रक्त कोठे गळते ते कळते.

मग प्रत्येक जखमीचे असे स्कॅन का करू नये? कारण त्यात छातीच्या एका एक्स-रेच्या शंभरपटीहून अधिक किरण शरीराला लागतात. त्यामुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. लहान मुलांच्या बाबतीत तर डॉक्टर अधिकच जपून निर्णय घेतात.

फायद्याविषयीही मतभेद आहेत. जर्मनीतील नोंदींवरून २००९ साली असे दिसले, की असे स्कॅन झालेल्या गंभीर रुग्णांत मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी होते. पुढे नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधील पाच रुग्णालयांनी १,०८३ रुग्णांची तुलना केली. काहींचे लगेच पूर्ण स्कॅन केले. इतरांचे आधी एक्स-रे व सोनोग्राफी करून गरजेपुरते स्कॅन केले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात निदान काही मिनिटे लवकर झाले, पण दोन्ही गटांत शेकडा १६ रुग्ण दगावले. मला यात नवल वाटत नाही, कारण दुसऱ्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांचेही शेवटी सर्व भागांचे स्कॅन करावेच लागले होते.

आणखी एक गोष्ट. रक्त देऊनही ज्याचा रक्तदाब सावरत नाही, त्याला सहसा स्कॅनच्या खोलीत नेत नाहीत. खाटेजवळच सोनोग्राफी करून पोटात रक्त आहे का ते पाहतात आणि त्याला थेट शस्त्रक्रियेसाठी घेतात.