ओढता ओढता हलकं होणारं धनुष्य

धनुष्य जितकं ओढावं तितकं जड होत जातं, हे बांबूच्या कामट्याला सुतळी बांधून खेळलेल्या कोणत्याही पोराला ठाऊक असतं. कंपाउंड धनुष्य मात्र हा नियम अर्ध्या वाटेत मोडतं. दोरी मागे घ्यायला लागलं की पहिल्या काही इंचांतच सत्तावीस किलोंचा भार हातावर येतो, पाठीचे स्नायू ताठतात. मग दोरी हनुवटीशी पोचण्याच्या जरा आधी तो भार एकाएकी ओसरतो. हातात उरतात जेमतेम साडेपाच किलो. धनुष्याची वरची-खालची पाती तर पूर्ण वाकलेलीच दिसतात. मग उरलेले एकवीस-बावीस किलो गेले कुठे?

गेले चाकात. दोन्ही पात्यांच्या टोकांना एकेक चाक असतं, त्याला तिरंदाज कॅम म्हणतात. हे चाक गोल नसतं आणि त्याचा आसही मध्यावर नसतो. दोरी त्याच्या एका खाचेतून उलगडते आणि पात्यांना वाकवणारी केबल दुसऱ्या खाचेत गुंडाळली जाते. सुरुवातीला दोरीची बाजू आसाजवळ असते, म्हणून जोर फार लागतो. कॅम फिरत जातो तशी दोरीची बाजू आसापासून लांब सरकते आणि केबलची जवळ येते. तरफ उलटते. पाती आत अडवलेली ताकद तशीच धरून असतात, पण ती थोपवायला आता हाताचा थोडा जोर पुरतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या वाटांवर भरली बैलगाडी बांधावरून काढणाऱ्याला हे अंगानेच कळेल: चढताना बैलांच्या मानेवर सगळा भार, माथा ओलांडला की जू सैल.

या एका उदाहरणात कंपाउंड धनुष्यांची सगळी तुलना दडलेली आहे. कारण प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक मॉडेलच्या कॅमचा बांध वेगळ्या आकाराचा असतो.

पण त्याआधी एक रास्त प्रश्न. पाटोद्यात, बालाघाट डोंगराच्या या माथ्यावर शिकारीच्या धनुष्याचं काय काम? काहीच नाही. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मोरावर काय, सशावरही बाण सोडता येत नाही. हे यंत्र जन्मलं अमेरिकेत, जिथे धनुष्याने हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ साली ते मिळालं. शिकाऱ्याची अडचण साधी होती. धनुष्य ओढून धरलंय आणि हरीण झाडामागे उभं आहे. ते पुढे यायला मिनिटभर लावणार. साध्या धनुष्याचे सत्तावीस किलो मिनिटभर कोण धरणार? भार ओसरण्याची युक्ती ही मुळात वाट बघण्याची सोय आहे. ओसरलेल्या भाराला लेट-ऑफ म्हणतात. शिकारीच्या धनुष्यात तो बहुधा ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त असतो.

आता बांधांचे आकार पाहू. दोन धनुष्यं घ्या. दोन्हींवर ६० पाउंड लिहिलेलं, म्हणजे कमाल भार २७ किलो. पहिलं मवाळ: भार सावकाश चढतो, माथ्यावर क्षणभर थांबतो, तितक्याच सावकाश उतरतो. दुसरं वेगवान: दोन-तीन इंचांत भार माथ्यावर, तिथून पुढे बराच वेळ सपाट पठार, आणि शेवटी कडा तुटल्यासारखा उतार. आकडा एकच, पण दुसरं ओढून पाहिलेला माणूस शपथेवर सांगेल की ते जास्त जड आहे. तो खोटं बोलत नाही. धनुष्यात साठणारी ऊर्जा माथ्याच्या उंचीवर ठरत नाही. किती जोराने किती अंतर ओढलं, त्या सगळ्या बेरजेवर ठरते. पठार लांब असलेल्या धनुष्याने तुमच्याकडून खरोखरच जास्त काम करून घेतलेलं असतं. ते काम बाणाला वेग म्हणून परत मिळतं. हलका बाण लावला तर अशी धनुष्यं सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग देतात. वेगही हवा आणि ओढही लोण्यासारखी हवी, असं म्हणणाऱ्याला जाहिराती भेटतात, धनुष्य भेटत नाही.

माथा उतरल्यावर लागते ती दरी. तिरंदाज तिला व्हॅलीच म्हणतात. मवाळ कॅमची दरी ऐसपैस असते. हात अर्धा इंच पुढे गेला तरी धनुष्य सांभाळून घेतं. वेगवान कॅमची दरी इतकी अरुंद की जरा ढिलाई झाली की धनुष्य हात पुढे हिसकून नेतं. दरीच्या टोकाला असते भिंत, म्हणजे ओढ जिथे संपते ती जागा. कॅमवरची खुंटी थेट पात्याला जाऊन टेकत असेल तर भिंत दगडी लागते. केबलला टेकत असेल तर ती किंचित दबते. काहींना दगडी भिंतच हवी, तिच्यावर रेलता येतं म्हणून. काही जण म्हणतात, दबणारी भिंत बरी, स्नायू जागे राहतात. वरचा आणि खालचा कॅम एका वेळी टेकत नसतील तर भिंत दोन पायऱ्यांत लागते. हा दोष डोळ्यांआधी बोटांना कळतो.

मग बाण सुटतो, आणि धनुष्य आपलं दुसरं रूप दाखवतं. साठलेली सगळी ऊर्जा बाण घेत नाही. उरलेली पात्यांत, दोऱ्यांत, मुठीत थरथरत राहते. बाण जितका हलका, तितका हा शिल्लक हिस्सा मोठा: हाताला झटका, कानाला टणत्कार. तोच बाण थोडा जड केला की तेच धनुष्य शहाण्यासारखं वागतं. बाण न लावताच दोरी सोडली तर सगळी ऊर्जा धनुष्यातच कोंडते. पाती फुटू शकतात, दोरी निसटते. म्हणून दुकानात कुणाचं धनुष्य हातात घेतलं की पहिला धाक याचाच घालतात.

शिकारीचं धनुष्य आखूड असतं, एका कॅमच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत साधारण ३० ते ३३ इंच, कारण झाडावरच्या मचाणात फांद्या चुकवायच्या असतात. स्पर्धेचं ३७ ते ४० इंच. आखूड धनुष्य हातात चपळ वाटतं आणि तितकंच चंचलही. मूठ जराशी पिळली तरी त्याचं तोंड वळतं. लांब धनुष्य आळशी, आणि नेमबाजीत हा आळस मोलाचा. पुढे हातभर दांडा आणि त्याच्या टोकाला वजनं लावून तो आणखी वाढवतात.

भिंतीवर किती भार उरावा, याबद्दलही स्पर्धेचे तिरंदाज शिकाऱ्यांपेक्षा वेगळा विचार करतात. त्यांच्यातले पुष्कळ जण लेट-ऑफ कमी ठेवतात. ६० पाउंडांचं धनुष्य ६५ टक्क्यांवर आणलं की हातात साडेपाचऐवजी साडेनऊ किलो राहतात. मुद्दाम जड का धरायचं? कारण फार हलक्या धनुष्यात पाठ सैल पडते आणि निशाणावरचा ठिपका भटकू लागतो. थोडा ताण असला की ठिपका आपोआप मध्याकडे ओढला जातो.

या सगळ्याचा कस लागतो ५० मीटरवर. लक्ष्य ८० सेंटिमीटरचं, आणि दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. कोनात मोजलं तर एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने अंतिम सामन्यात १५ बाणांत १४९ गुण केले. म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ. ती तेव्हा १७ वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहात घातले आणि १५०-१४९ अशी अंतिम फेरी जिंकली. तिरंदाजीत भारताला वरिष्ठ गटाचं वैयक्तिक जगज्जेतेपद त्याआधी कधी मिळालं नव्हतं. दोघांचे प्रशिक्षक एकच, पोलीस खात्यात नोकरी करणारे प्रवीण सावंत, आणि दोघांचा सराव साताऱ्यात, उसाच्या रानातल्या त्यांच्या अकादमीत. दिवाळीच्या आसपास पाटोद्याहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ज्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, त्याच मुलखातली ही गोष्ट.

एकाच गुरूचे हे दोन शिष्य धनुष्यांची अदलाबदल मात्र करू शकले नसते. कंपाउंडमध्ये ओढीची लांबी कॅमवरच ठरलेली असते. भिंत जिथे बसवली तिथेच लागते. उंच मुलाच्या मापाचं धनुष्य लहान चणीच्या मुलीने ओढलं तर भिंत तिच्या कानामागे जाईल. दुसऱ्याचं धनुष्य ओढून ‘याची ओढ वाईट’ म्हणणाऱ्या माणसाला अनेकदा न बसणाऱ्या मापाची चीड आलेली असते. अर्धा इंच माप बदललं तरी हाताला लागणारी ओढ बदलते, धनुष्य बदलायची गरजच पडत नाही.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येत आहे, तेही फक्त मिश्र जोडीच्या रूपात. एक पुरुष, एक स्त्री, दोन मापांची, दोन ताकदींची, बहुधा दोन निराळ्या कॅमची धनुष्यं, आणि समोर लक्ष्य तेच. हांगचौच्या आशियाई खेळांत ज्योती सुरेखा आणि ओजस या जोडीने अशाच अंतिम सामन्यात कोरियाला १५९-१५८ असं हरवलं होतं. १६ बाणांपैकी १५ दहात.