पत्र्यावरचा पाऊस थांबेपर्यंत

सकाळी आठ. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयासमोर आमची गाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक म्हणजे दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक सिस्टर. 2013 पासून हा कार्यक्रम चालू आहे. अंगणवाड्या वर्षातून दोनदा तपासायच्या, शाळा एकदा. वजनकाटा, रजिस्टरं गाडीत टाकली आणि उंबरठाणच्या बाजूला निघालो.

साडेनऊ. अंगणवाडी. चार वर्षांचा एक मुलगा, वजन बारा किलो. स्टेथोस्कोपची चकती मी आधी तळहातावर घासते. गार लागली की पोर रडतं, आणि रडणाऱ्या पोराचं हृदय ऐकू येत नाही. आज तर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. त्याला मांडीवर घेऊन सर ओसरायची वाट पाहिली. मग छातीच्या डाव्या बाजूला, वरच्या फासळ्यांच्या मध्ये, फुंकर घातल्यासारखा बारीक आवाज आला. असा आवाज निरोगी मुलांतही असतो, म्हणून झोपवून ऐकलं, बसवून ऐकलं. दुसरा ठोका मात्र दुभंगलेला. श्वास आत असो की बाहेर, फट तेवढीच. वरच्या कप्प्यांच्या पडद्याला भोक असलं की असं होतं. मूल खेळतं, जेवतं, कुणाला शंकाही येत नाही. रजिस्टरात लाल खूण केली : इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

साडेबारा. आश्रमशाळा. आठवीतल्या एका मुलीचं कार्ड पाहिलं. घशाचा साधा संसर्ग, मागून सांधे सुजवणारा ताप, आणि शरीराचंच संरक्षण हृदयाच्या झडपेवर उलटलं. तिला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. फार दुखतं ते. सुट्टीत ती आईबापांसोबत कामाच्या गावी होती, तेव्हा मे महिन्याची तारीख हुकली. मला याचाच घोर लागतो. झडप पुरती बिघडली की पुढे ऑपरेशनच, आणि ते इतक्या सोप्या औषधानं टळणारं असतं. अधीक्षिकाबाईंच्या कॅलेंडरवर पुढच्या सगळ्या तारखांना गोल करून दिले.

तीन. रुग्णालयात परत. मागच्या वर्षी तपासणीत असंच भोक सापडलेल्या एका मुलीचे वडील नाशिकहून इकोचा कागद घेऊन आलेले.

"मॅडम, मोबाईलवर पाहिलं, रोबोट हृदयाचं ऑपरेशन करतो. आमच्या पोरीला तो मिळंल का?"

"दादा, रोबोट आपणहून कापत नाही. डॉक्टर बाजूला पडद्यासमोर बसतात, हात त्यांचेच चालतात. फासळ्यांमधल्या छोट्या छिद्रांतून अवजारं आत जातात, छातीचं हाड चिरावं लागत नाही."

पॅरिसला आलाँ कार्पांतिए यांनी 1998 मध्ये अशा रोबोटनं हृदयाची झडप दुरुस्त केली. जानेवारी 2025 मध्ये तर डॉक्टर गुरुग्रामला आणि रुग्ण 286 किलोमीटरवर जयपूरला, असं ऑपरेशन झालं. यंत्रही भारतात बनलेलं, एसएसआय मंत्रा. त्यांनी पाहिलं होतं ते हेच. पण पाच वर्षांच्या पोरीच्या छातीत त्या अवजारांना जागा पुरत नाही. आणि तिला गरजही नाही. कागदाच्या मागे मी हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधला पडदा काढला, त्यातलं भोक काढलं. भोकाच्या कडा चांगल्या आहेत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी जाते, छत्रीसारखी चकती आत उघडते आणि भोक बंद होतं.

"म्हंजे छाती फाडायची नाय?"

"नाही दादा."

बराच वेळ त्यांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. मग रेशनकार्ड काढलं. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या कागदांना लागलो.

सहा. सकाळच्या मुलाच्या गावातल्या आशाताईंचा फोन. आई म्हणते, नागलीची आवणी बुधवारी संपेल, त्याआधी यायला जमणार नाही.

"मग गुरुवारी. सात वाजता फाट्यावर गाडी येईल. त्याला खाऊ घालून आणा म्हणावं, आणि इकोच्या वेळी मांडीवर घ्यायला ती स्वतःच हवी."