लुक्रेशियाचा मृत्यू : एदुआर्दो रोसालेसचे इतिहासचित्र

‘लुक्रेशियाचा मृत्यू’ हे स्पॅनिश चित्रकार एदुआर्दो रोसालेस (१८३६–१८७३) याचे भव्य तैलचित्र १८७१ मध्ये पूर्ण झाले. सुमारे अडीच मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद असलेले हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

त्यातली कथा रोमन इतिहासकार लिव्ही याने सांगितली आहे. रोमचा राजपुत्र सेक्स्टस टार्क्विनियस हा कोलाटिनसच्या घरी पाहुणा म्हणून उतरला आणि रात्री त्याने कोलाटिनसची पत्नी लुक्रेशिया हिच्यावर तलवारीच्या धाकाने बलात्कार केला. तिने वडील आणि पती यांना बोलावून घेतले, घडले ते सांगितले, सूड घेण्याचे वचन घेतले आणि सुरीने प्राण दिला. त्यांच्यासोबत आलेल्या ब्रूटसने तीच सुरी हाती घेऊन राजघराणे हाकलण्याची शपथ वाहिली. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोममध्ये प्रजासत्ताक आले ते यातूनच.

रोसालेसने घाव घालण्याचा क्षण टाळून त्यानंतरचा क्षण निवडला. लुक्रेशियाचे शरीर ढिले पडले आहे. पिता आणि पती तिला सावरत आहेत. सोबत आलेला व्हॅलेरियस तोंड झाकून रडतो आहे, तर ब्रूटसचा सुरी धरलेला हात उंचावला आहे. शोक आणि शपथ एकाच खोलीत समोरासमोर येतात. चित्राचे सामर्थ्य यातच आहे.

१८५७ मध्ये रोसालेस शिकण्यासाठी रोमला गेला. क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी तो तिथे राबला. ‘राणी इसाबेलचे मृत्युपत्र’ (१८६४) या चित्राने त्याला कीर्ती मिळवून दिली. लुक्रेशियाच्या चित्रात मात्र त्याने बारीकसारीक तपशील गाळले आणि रुंद, मोकळ्या फटकाऱ्यांनी आकृत्या उभ्या केल्या. वस्त्रांच्या घड्या जवळून पाहिल्या तर केवळ रंगाचे पट्टे दिसतात. चार पावले मागे सरले की त्यांना वजन आणि घडण येते.

१८७१ च्या राष्ट्रीय कलाप्रदर्शनात चित्राला पहिले पदक मिळाले, पण गुळगुळीत सफाईला सरावलेल्या टीकाकारांनी ते अर्धवट ठरवले. तो घाव रोसालेसच्या जिव्हारी लागला. १८७३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. सरकारने चित्र विकत घेतले ते त्यानंतर. ज्या मोकळ्या हाताबद्दल त्याला बोल लागला, त्याचमुळे आज एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश चित्रकलेत त्याला अग्रस्थान दिले जाते.