सँडर्सना नेमकं कोणी हरवलं?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे पडघम वाजू लागले की एक विधान हमखास ऐकू येतं. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स जिंकत होते, पण डेमोक्रॅटिक पक्षश्रेष्ठींनी त्यांची उमेदवारी चोरली आणि हिलरी क्लिंटन यांच्या पदरात टाकली. पुरावा विचारला तर उत्तर तयार असतं : ‘विकिलीक्सचे ईमेल वाचा ना!’ ते ईमेल स्वतः वाचलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो.

पक्षाच्या मुख्यालयातल्या अनेकांना क्लिंटनच हव्या होत्या, हे त्या ईमेलमध्ये लख्ख दिसतं. मतं फिरवल्याचा पुरावा मात्र त्यात कुठेच नाही. पण चर्चेत पहिल्या गोष्टीवरून थेट दुसरीवर उडी मारली जाते.

मराठी वाचकाला ही उडी स्वाभाविक वाटते, कारण आपल्याकडे तिकीट श्रेष्ठीच देतात. एबी फॉर्म ज्याच्या हाती, तो उमेदवार. बाकीच्यांनी बंडखोरी करावी नाहीतर घरी बसावं. डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटीकडे, म्हणजे डीएनसीकडे, असा फॉर्मच नसतो. बहुतेक राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं मतदान, सरकारी निवडणूक यंत्रणा घेते. मतपत्रिका तिच्या, मोजणीही तिची. त्याऐवजी सभा भरवून कौल घेणारा कॉकस असेल तर तो राज्यातला पक्ष भरवतो. डीएनसीच्या हातात उरतात ते पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या निवडीचे नियम, वेळापत्रकाची चौकट, वादसभांचं नियोजन, मतदारांच्या माहितीचा साठा आणि पक्षाचा पैसा. एवढ्याशा अधिकारातही पक्षपात करता येतो, आणि तो झाला.

त्यात सर्वांत गंभीर प्रकरण पैशाचं. ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे आयोवात पहिलं मत पडण्याच्या पाच महिने आधी, क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने डीएनसीशी संयुक्त निधी उभारणीचा करार केला. पक्ष तेव्हा कर्जात होता आणि क्लिंटन पैसा आणू शकत होत्या. बदल्यात पक्षाच्या प्रसिद्धीप्रमुखाच्या नेमणुकीत आणि इतर काही कामांत त्यांच्या माणसांना शब्द मिळाला. पक्षाच्या माजी उपाध्यक्ष डॉना ब्राझील यांनी २०१७ मध्ये आपल्या पुस्तकातून हे चव्हाट्यावर आणलं तेव्हा गदारोळ झाला. त्याच करारात असंही कलम होतं की, ही सारी तयारी मुख्य निवडणुकीसाठी आहे आणि उमेदवार निवडीत पक्ष तटस्थच राहील. तटस्थ पक्षाचा प्रसिद्धीप्रमुख एका उमेदवाराला पसंत पडेल असाच का असावा, याचं समाधानकारक उत्तर कोणी दिलेलं नाही. सँडर्स यांनीही पक्षाशी संयुक्त निधीचा करार केला होता, पण त्यांना असे अधिकार मिळाले नव्हते. इतकं सगळं लिहूनही निवडणूक लबाडीने जिंकल्याचा पुरावा आपल्याला सापडला नाही, असं ब्राझील यांनीच नंतर स्पष्ट केलं. तो खुलासा फारसा कोणी पुढे पाठवला नाही.

ईमेलचं बोलायचं तर २२ जुलै २०१६ रोजी, पक्षाचं फिलाडेल्फियातलं अधिवेशन तीन दिवसांवर आलेलं असताना, डीएनसीचे सुमारे वीस हजार ईमेल विकिलीक्सवर बाहेर आले. त्यातल्या एकात पक्षाच्या वित्तप्रमुखांनी सुचवलं होतं की, सँडर्स यांच्या देवावरच्या श्रद्धेबद्दल कोणाकडून तरी प्रश्न विचारवून घ्यावा. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात त्याने फरक पडेल. हे लाजिरवाणंच होतं. सूचना प्रत्यक्षात आल्याचं काही दिसत नाही, आणि तारीखही पाहायला हवी : मे २०१६. तोवर बहुतेक राज्यांचं मतदान उरकलं होतं आणि क्लिंटन यांची आघाडी भरून निघणं जवळजवळ अशक्य झालं होतं. तरीही डीएनसीच्या अध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ यांना राजीनामा द्यावा लागला, पक्षाने सँडर्स यांची जाहीर माफी मागितली आणि आणखी काही पदाधिकारी गेले. हे योग्यच झालं, कारण पक्षाच्या घटनेनेच अध्यक्षांवर निःपक्षपातीपणाचं बंधन घातलेलं आहे. ते बंधन पाळायचं कसं, हे उपाध्यक्ष तुलसी गबार्ड यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत दाखवलं होतं. सँडर्स यांना पाठिंबा द्यायचा म्हणून त्यांनी आधी पद सोडलं. दुसऱ्या उपाध्यक्ष ब्राझील. त्या सीएनएनच्या भाष्यकारही होत्या. त्यांनी पद न सोडता क्लिंटन यांच्या माणसांना कार्यक्रमातल्या प्रश्नाची आगाऊ कल्पना दिली, आणि ते उघड झाल्यावर सीएनएनने त्यांच्याशी संबंध तोडले.

तरी सँडर्स समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा वादसभांचा आहे, आणि नेमका तोच कमी मांडला जातो. २००८ च्या प्रायमरीत वीसहून अधिक वादसभा झाल्या होत्या. २०१६ साठी सुरुवातीला जाहीर झाल्या फक्त सहा. पक्षाबाहेरच्या वादसभेला जाणाऱ्याला पक्षाच्या वादसभांचं दार बंद, असा नियमही आला. एक वादसभा ख्रिसमसच्या तोंडावर, १९ डिसेंबरला, तीही शनिवारी रात्री! ज्याला सगळा देश ओळखतो त्या उमेदवाराला असलं वेळापत्रक सोयीचंच असतं. पुढे ओरड झाल्यावर संख्या वाढली आणि एकूण नऊ वादसभा झाल्या, पण सुरुवातीचे महिने परत मिळत नाहीत.

आता मतांचा हिशेब. हा हिशेब मांडला की ‘चोरी’वाले विषय बदलतात. प्रायमरी आणि कॉकसमधून निवडून आलेले प्रतिनिधी क्लिंटन यांचे २,२०५, सँडर्स यांचे १,८४६. फरक ३५९ चा. यात सुपरडेलिगेट, म्हणजे पदामुळे मताधिकार मिळालेले नेते, एकही धरलेला नाही. २००८ मध्ये ओबामांनी याच क्लिंटन यांना हरवलं तेव्हा हा फरक सव्वाशेच्या आसपास होता. लोकांची मतं पाहिली तर क्लिंटन यांना १ कोटी ६९ लाखांच्या आसपास, सँडर्स यांना १ कोटी ३२ लाखांच्या आसपास. काही कॉकस राज्यांनी मतांचे आकडे दिले नाहीत. पण ते धरले तरी एवढी दरी बुजत नाही.

उलट कॉकसच्या पद्धतीचा फायदा सँडर्स यांनाच झाला. वॉशिंग्टन राज्यात कॉकसमध्ये त्यांना ७० टक्क्यांहून जास्त कौल मिळाला. पुढे त्याच राज्यात प्रतिनिधींशी संबंध नसलेली प्रायमरी झाली, तिथे कितीतरी जास्त लोकांनी मतं टाकली आणि क्लिंटन जिंकल्या. नेब्रास्कातही हेच घडलं.

मग हरवलं कोणी? दक्षिणेतल्या मतदारांनी, त्यातही कृष्णवर्णीय मतदारांनी. २७ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिनात क्लिंटन यांना ७३ टक्के मतं पडली. १ मार्चला अलाबामा आणि जॉर्जियात त्यांनी ७० चा आकडा ओलांडला. ही आघाडी सँडर्स यांना शेवटपर्यंत कापता आली नाही. ‘चोरी’ची गोष्ट सांगताना या लाखो मतदारांना, जणू त्यांना स्वतःचं मतच नव्हतं, सरळ वगळलं जातं. ते सर्वांत जास्त खटकतं.

सुपरडेलिगेटांवरचा राग मात्र समजण्यासारखा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स २२ टक्क्यांनी जिंकले, पण सुपरडेलिगेट धरून वृत्तवाहिन्यांनी दोघांच्या नावापुढे १५-१५ प्रतिनिधी दाखवले. ६ जूनला, कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांची मोजदाद करून क्लिंटन यांना विजयी ठरवलं. गंमत अशी की, त्याच सुमाराला सँडर्स याच सुपरडेलिगेटांना आपल्या बाजूला येण्याचं आवाहन करत होते. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. निकालावर परिणाम होणार असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना आता मत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘कोर्टानेच पक्षपात मान्य केला’ : डीएनसीविरुद्धचा खटला फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी २०१७ मध्ये फेटाळला. फिर्यादींचे आरोप त्यांनी निकालापुरते खरे धरले होते, कारण त्या टप्प्यावर कायदा तसंच धरायला सांगतो. ‘न्यूयॉर्कमध्ये सँडर्स समर्थकांचा मताधिकार पक्षाने हिरावला’ : प्रायमरीत मत देण्यासाठी लागणारी पक्षनोंदणी बदलायची मुदत राज्याच्या कायद्याने सहा महिने आधीच संपत होती, आणि तिचा फटका बसून इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांनाही वडिलांना मत देता आलं नाही. ‘२०२० मध्ये कट करून बायडेन यांना आणलं’ : प्रतिस्पर्धी उमेदवार बुटिजिज आणि क्लोबुचर माघार घेऊन बायडेन यांच्या मागे उभे राहिले, यालाच राजकारण म्हणतात. ‘रिपब्लिकन पक्षात श्रेष्ठींचं चालत नाही’ : २०१६ मध्ये ट्रम्प यांच्यासमोर खरोखरच चाललं नाही, पण २०२० साठी साऊथ कॅरोलिना आणि नेवाडासह काही राज्यांतल्या पक्षशाखांनी ट्रम्प यांच्यासाठी चुरसच रद्द केली.

‘श्रेष्ठी पूर्ण तटस्थ असतात’ हा उलट गैरसमज बाळगणाऱ्यांनी २०२४ पाहावं. बायडेन यांना अनुकूल असलेल्या साऊथ कॅरोलिनाला डीएनसीने पहिल्या प्रायमरीचा मान दिला. न्यू हॅम्पशायरने आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आधीच, २३ जानेवारीला, प्रायमरी घेतली. ती निरर्थक असल्याचं मतदारांना सांगावं, असं डीएनसीने तिथल्या पक्षशाखेला कळवलं. त्यावर मतदारांना परावृत्त करणं थांबवा, अशी नोटीस राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने डीएनसीला धाडली. मतपत्रिकेवर बायडेन यांचं नावच नव्हतं. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं. काही महिन्यांनी डीएनसीने त्या ‘निरर्थक’ प्रायमरीच्या राज्याचे प्रतिनिधी अधिवेशनासाठी मान्यही करून टाकले.