मुंबई टोळ : झाडांवर हिवाळा काढणारा कीटक

टोळधाड म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजस्थानचे वाळवंट येते. मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेले थवेही वाळवंटी टोळांचेच होते. परंतु सिल्वासाच्या पूर्वेस उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या जंगलांशी टोळांच्या दुसऱ्या एका जातीचे नाते आहे. ती जात म्हणजे मुंबई टोळ. तिचा जीवनक्रम येथे थोडक्यात मांडला आहे.

अनुकूल हवामानात वाळवंटी टोळांच्या वर्षभरात अनेक पिढ्या होतात; मुंबई टोळांची मात्र एकच. हिवाळ्यात प्रौढ टोळ पश्चिम घाटातील झाडांवर राहतात. थव्यातील टोळांचा रंग या काळात तांबूस दिसतो. उन्हाळ्यात ते जंगलाबाहेर पडतात. पहिल्या पावसाने माती ओलावली की मादी जमिनीत अंडी घालते. बिनपंखी पिल्ले गवतावर व पिकांवर वाढतात. पावसाळा सरताना त्यांना पंख फुटतात आणि ती पुन्हा जंगलाकडे वळतात. अर्थात, घर झाडावर असले तरी पाळणा मातीतच असतो.

१९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याने या टोळांचे थवे पाहिले. कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा त्यावरील अहवाल १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर भारतात तसे मोठे थवे आले नाहीत; मात्र ही जात एकट्यादुकट्या टोळांच्या रूपाने टिकून आहे.

पिल्लांना उडता येत नाही, तोवरच बंदोबस्त सोपा असतो. म्हणून विद्यार्थ्यांना आकाशातील थव्याआधी श्रावणातील बांधावरचे गवत पाहायला शिकवावे.